हाकजुनने झेललेलं मुंडकं

(जंजू शहराच्या बेसबॉल मैदानातली 'सारस' क्लबची कचेरी. सकाळ. टेबलाच्या एका बाजूला क्लबचे प्रसिद्धीप्रमुख हाम, दुसऱ्या बाजूला नामबू बाजारात डुकराच्या आतड्यांचं सूप विकणाऱ्या फिलसुनबाई. दाराशी फाटकावरचा रखवालदार बान. टेबलावर एक आईसबॉक्स.)

हाम : म्हणजे तुमचं म्हणणं, ते मुंडकं आपणहून घरंगळलं?

फिलसुन : आपणहून कसं घरंगळेल? पाय होते का त्याला? मी प्रेक्षकांच्या कठड्यावर नीट मांडलं होतं, मैदानाकडे तोंड करून. तुमचा ढोलवाला जोशात आला, टिपरू बसलं त्याच्या कानशिलात, आणि गेलं खाली.

हाम : पण मुळात आणलंत कशाला? लोक सामन्याला तळलेली कोंबडी आणतात, बिअर आणतात...

फिलसुन : तुम्ही मार्चमध्ये आणलं नाहीत म्हणून! हंगाम सुरू करताना डुकराचं मुंडकं मांडायचं, दारू वाहायची, त्याच्या तोंडात नोट खोचायची आणि पालथं पडून नमस्कार घालायचा. माझ्या सासूने दुकान उघडलं तेव्हा केलं. या बानच्या लेकाने टेम्पो घेतला तेव्हा केलं. आणि तुम्ही काय केलंत? टॅबलेटवर डुकराचा फोटो!

हाम : आपले मुख्य प्रायोजक मांदू विकतात, मावशी, भाजी भरून वाफवलेले. त्यांची एक शाकाहारी प्रतिमा आहे.

फिलसुन : प्रतिमा घाला चुलीत. अध्यक्ष नोट खोचायला गेले आणि काच पुसून परत आले. वर अर्ध्यातच बॅटरी गेली. अख्खी टीम काळ्या पाटीपुढे पालथी पडलेली! त्या दिवशीच मी म्हटलं, यंदा काही खरं नाही.

बान : मी चार्जर शोधायला गेलो होतो, साहेब.

हाम : तुम्ही गप्प बसा, बान. तुमचीही चौकशी व्हायची आहे. काल हा आईसबॉक्स फाटकावर तपासला नाहीत?

बान : तपासला ना. विचारलं, आत काय? वहिनी म्हणाल्या, जेवण.

फिलसुन : खोटं बोलले का? उकडलेलं होतं. मीठ लावून खाता आलं असतं.

बान : झाकण उघडूनही बघितलं, साहेब. हसत होतं.

हाम : कोण?

बान : डुक्कर.

फिलसुन : हसरंच लागतं. रडक्या तोंडाचं चालत नाही. सगळा बाजार पालथा घातला तेव्हा कुठे मिळालं. रडकी तोंडं तुमच्या डगआउटच्या बाकावर पुष्कळ आहेत, तिथे अजून एक कशाला नेऊ?

हाम : हसण्यावारी नेऊ नका, मावशी. सातवी इनिंग. आपण एका धावेने पुढे. समोरचे दोन बाद, एक गडी बेसवर. चेंडू उंच उडाला. आपला हाकजुन पहिल्या बेसवरून धावत तुमच्या कठड्याखाली आला, वर बघत हात पुढे केले, आणि झेललं काय?

बान : मुंडकं. दोन्ही हातांनी.

हाम : आणि चेंडू?

बान : शेजारी पडला, साहेब. हळूच.

फिलसुन : पण सुटलं नाही हो! यंदा त्याच्या हातून काय काय निसटलं. सोपे सोपे झेल निसटले. एवढं एक तेवढं घट्ट धरलंन, छातीशी.

हाम : झेल सुटला म्हणून वाचलेल्या त्या बॅटरने पुढच्याच चेंडूवर होम रन ठोकला, दोन धावा! सलग सतरावा पराभव! आणि सकाळपासून अख्खा देश तेच एक चित्र बघतोय. मांदूवाल्यांचा तीनदा फोन आला.

फिलसुन : डुकराचे मांदू चांगले होतात म्हणावं. खपतील.

हाम : आता नीट ऐका. अध्यक्षांनी मोठ्या मनाने मार्ग काढलाय. तुम्ही क्लबच्या वाहिनीवर माफी मागायची. कमरेत वाकून. म्हणायचं, "सारसांचं यंदा जे काही झालं, ते माझ्यामुळे झालं." बस्स. संध्याकाळी आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसा.

फिलसुन : जे काही झालं? सगळंच?

हाम : वाक्य जरा मोघम ठेवलंय.

फिलसुन : आणि कालच्या आधीच्या सोळा हारी? त्या कुणाच्या डुकराने केल्या?

हाम : लोकांना एक कारण हवं असतं, मावशी. एकच, डोळ्यांना दिसणारं. तुमचं दिसतं.

फिलसुन : आणि नाही म्हटलं तर?

हाम : आजन्म बंदी. नाइलाज आहे.

फिलसुन : कुणाचा जन्म धरायचा? माझा की टीमचा? या चालीने टीम आधी जाईल.

हाम : मी गंभीरपणे बोलतोय.

फिलसुन : मग मीही गंभीरपणे सांगते. घाला बंदी. नवरा होता तेव्हापासून त्या खुर्चीत बसतेय मी. पाऊस पडला, गारा पडल्या, एकदा तुमच्या जाहिरातीचा फलक पडला, तरी उठले नाही. पण दुसऱ्याची घाण माझ्या पदरात बांधून मी वाकणार नाही. चला, सुपाखाली आच ठेवून आलेय.

बान : वहिनी, हाकजुनचंही आहे.

हाम : बान!

बान : दुसऱ्या फळीत पाठवतायत त्याला. दुपारच्या बसने.

फिलसुन : का म्हणून?

हाम : हे बघा, मांदूच्या जाहिरातीत तोच आहे. आता तो चेहरा दिसला की लोकांना मुंडकं आठवतं. दोष कुणाचा तरी ठरायला हवा. तुम्ही घेतलात तर तो राहील. नाही घेतलात, तर दोष त्याचा.

फिलसुन : तेहेतीस वर्षांचा आहे तो. तेहेतिसाव्या वर्षी दुसऱ्या फळीत गेलेला माणूस परत येतो का?

हाम : ते आता तुमच्या हातात आहे.

फिलसुन : सकाळी आला होता दुकानात. शाळेत असल्यापासून हरला की माझ्याकडेच येतो, आणि सूप गार होईपर्यंत वाटीत बघत बसतो. मी म्हटलं, चुकलं रे माझं. तर म्हणतो, "मावशी, बरंच जड होतं हो." एवढंच. हाम साहेब, तुमच्या घरी बायकामुलं आहेत ना? ती जेवतात तुमच्यासोबत?

हाम : मावशी, वेळ कमी आहे.

फिलसुन : लावा तुमचा कॅमेरा.

हाम : शाब्बास! बान, हा माझा फोन धरा. थेट जाऊ द्या. मागच्या वेळी अध्यक्षांची माफी कापून जोडून दाखवली, तर लोकांनी सांधे मोजले. थेट म्हणजे कसं, मनापासून वाटतं.

बान : चालू झालं. माणसं यायला लागली. बरीच येतायत, साहेब.

हाम : वाका, मावशी. अजून थोडं. हं. बोला.

फिलसुन : मी मा फिलसुन. नामबू बाजारात सूप विकते. कालचं मुंडकं माझं. हाकजुन वर चेंडूकडे बघत होता, मधे माझं डुक्कर कडमडलं. त्याचा काडीचा दोष नाही. सारसांचं यंदा जे काही झालं, ते माझ्यामुळे झालं.

हाम : सुंदर. बान, बंद करा.

फिलसुन : थांबा हो, बंद काय? मोघम माफीला कोण विचारतं? जे काही म्हणजे काय काय, ते सांगायला नको? तर मंडळी, ऐका. एका हंगामात तीन प्रशिक्षक बदलले, ते मीच बदलले. तिसऱ्याला आणायला स्टेशनवर गाडी पाठवली, ती हाकललेल्या दुसऱ्यालाच परत घेऊन आली. तीही माझीच गाडी. मग जागेचा दोष बघणारा कुणी बोलावला. त्याने आमचा डगआउट उचलून पहिल्या बेसच्या बाजूला नेला. आता संध्याकाळी पोरांना उन्हाशिवाय काही दिसत नाही. माझंच डोकं ते.

हाम : बान! बंद करा म्हटलं ना!

बान : बटण सापडत नाही, साहेब.

हाम : लाल! लाल बटण!

बान : मला लाल-हिरवं कळत नाही, साहेब. म्हणून तर फाटकावर आहे.

फिलसुन : अध्यक्षांच्या भाच्याला परदेशी पिचर आणायला पाठवलं. तो पिचरचा भाऊ घेऊन आला. आडनाव बरोबर होतं म्हणतात. भाऊ गुणी आहे हो, माझ्याकडे रोज दोन वाट्या सूप पितो, हात जोडतो. फक्त चेंडू टाकता येत नाही. हेही मीच केलं. सारसाच्या सोंगातल्या माणसाने पंख फडकवले आणि आपल्याच कॅचरचा डोळा सुजवला, तो पंख माझा.

हाम : बाई, तुम्हाला कळतंय का काय करताय?

फिलसुन : माफी मागतेय. तुम्हीच म्हणालात, मनापासून. आणि माफी मागितली की सुधारायचं वचनही द्यावं लागतं, तर तेही देते. आता प्रशिक्षक बदलायचा नाही. आहे तो मठ्ठ आहे, असू दे, पोरांना निदान त्याचं नाव पाठ झालंय. डगआउट तिसऱ्या बेसकडे परत न्यायचा. आणि आपल्या म्हाताऱ्या पिचरला खांदा दुखला की सांगवत नाही, तो कान खाजवतो. कान खाजवला की बसवायचा त्याला.

बान : वहिनी, त्याचा कान खरंच फुटलाय.

फिलसुन : मग कानाचा डॉक्टर बघा! कोणी काही बघतं का इथे? आणि एक. सतरा झाल्या, अठरावीही होईल. आम्ही येणार. टीम विकलीत, तरी ज्याला विकाल त्याच्या दारात येणार. जिंकणाऱ्याच्या नावाने कोणीही ओरडतं. हरणाऱ्याच्या नावाने ओरडायला घसा लागतो, आणि तो जंजूत पिकतो. झालं माझं. किती वाकू अजून? कंबर धरली.

बान : लोक लिहितायत, वहिनी. एक म्हणतो, "सोंगातला माणूस मीच. कॅचरभाऊ, माफ करा." अजून एक आहे... हे दुसरे प्रशिक्षक दिसतायत. "त्या गाडीत मला नाही म्हणायचं सुचलं नाही."

हाम : इकडे द्या तो फोन! ...अध्यक्षच आहेत. हो, साहेब. हो, थेटच होतं. नाही, साहेब, एवढं लिहून दिलं नव्हतं. किती जण बघतायत म्हणालात? ...बापरे. मांदूवालेही? ...हो. हो, सांगतो. दोन्ही सांगतो.

फिलसुन : काय म्हणतात?

हाम : आजन्म बंदी. आजपासून.

फिलसुन : बरं. आणि तो?

हाम : राहतोय. एवढ्या लोकांनी ऐकल्यावर आता त्याला बसमध्ये बसवता येणार नाही, म्हणाले.

फिलसुन : आज खेळतोय?

हाम : खेळतोय.

बान : चला, वहिनी. फाटकापर्यंत येतो मी.

फिलसुन : एक मिनिट. बॅटिंगला कितव्या नंबरवर ठेवलाय त्याला?

हाम : आठव्या.

फिलसुन : आठव्या कशाला? सहाव्यावर पाठवा म्हणावं. त्यांचा पिचर आज डावखुरा आहे, आणि डावखुऱ्यांना हा बरोबर ठोकतो.