ओल्या गालिच्याला लागलेला हात

मंडळी, जरा आत सरकून बसा, मागं पागोळ्या अंगावर येत्यात. सभेचा हॉल गळतोय म्हणून आज आमच्याच पडवीत तुमास्नी चटईवर बसावं लागलं, वाईट वाटून घेऊ नका. असल्या पावसातनं आलासा. निपाणीचे शेठ गाडी करून आले, सांबऱ्याचे भाऊबंद चिखलातनं चालत आले. बरं वाटलं. मला सभेत बोलायची सवय न्हाय. बाईनं अशा जागी उभं ऱ्हावं का न्हाय, हेबी ठाऊक न्हाय. हॉलच्या सेक्रेटरी सायबांनी नाव पुकारलं, गंगाक्का चार शब्द बोलतील म्हणाले, म्हणून उठले. चार शब्दांत माझं भागायचं न्हाय. मधेच थांबले तर थांबू द्या मला. पाणी आणू नका, पाठीवर हात फिरवू नका.

गेला तो माझा थोरला भाऊ. तुमचा भरमाण्णा, माझा अण्णा. परवा सकाळी गेला. आज पुरुष माणसांनी नदीवर जाऊन त्याची रक्षा सोडली, आन् आता आपण सगळी हितं बसलोय.

तुमी सगळे चांगलं बोललासा. एक जण म्हणाले, भरमाण्णा नसता तर कॅम्पातल्या सायबांच्या बंगल्यांतले गालिचे उकिरड्यावर गेले असते. खरं हाय. शेठ म्हणाले, असला हात पुन्यांदा व्हायचा न्हाय. तेबी खरं हाय. अण्णानं हे ऐकलं असतं तर मान खाली घालून आत शेगडी फुंकाय गेला असता. पण बोलून झालं की प्रत्येकानं शेवटी एकच सांगिटलं, काळजी करू नका, गंगाक्का हाईत, काम चालू ऱ्हाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मी समोर बसलेली. मला कुणी विचारलं?

रागानं बोलते असं वाटल तुमास्नी. व्हय, रागच हाय. भाऊ गेल्यावर माणसानं रडावं, मला मेलीला राग येतोय. काय करू.

तुमच्यातल्या लई जणांनी आमची सुकवायची खोली आतनं बघितली नसल. दारातनं ओला गालिचा टाकायचा आन् वाळला की घेऊन जायचा, येवढंच तुमास्नी ठावं. सांगते. हितं मिरगापासनं दिवाळीपतोर हवाच ओली. दोरीवरचं लुगडं वाळंना, तिथं लोकरीचा गालिचा काय वाळणार? छप्पर गळतं, पाट फुटतो, गालिचा भिजतो. तसाच गुंडाळून ठिवला की आतनं तापतो, कुजतो, कुबट वास सुटतो. लाल रंग पांढऱ्यात उतरतो. म्हणून तो आला की लगोलग उलगडायचा, रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा, पाणी निपटायचं, आन् बांबूच्या माचावर पसरायचा. माचाखाली शेगड्या. निखारे राखंनं झाकलेले, नुसती ऊब वर यावी, धग न्हाय. मग परतत ऱ्हायचं. ही बाजू, ती बाजू. मग लव विंचरायची, सुटलेल्या गाठी बांधायच्या, आन् कसर लागू नये म्हणून शेठकडनं आलेला तंबाखूचा चुरा पेरायचा. त्या चुऱ्यानं शिंकून शिंकून आमचा जीव जायचा. शेठ, तुमास्नी म्हणून सांगते, लई शिव्या खाल्ल्यात तुमी आमच्या.

हे सगळं मी केलंय. रिठे फोडले, शेगड्या राखल्या, लव विंचरली, गाठी मारल्या. एकच गोष्ट केली न्हाय. ओल्या गालिच्याला पहिला हात मी कधी लावला न्हाय.

ही आमच्या घरातली रीत. आबांनी, म्हंजे आमच्या वडलांनी घालून दिलेली. ओला गालिचा दारात आला की एकानं त्याच्यावर तळहात टेकायचा. ज्यानं टेकला त्यानंच तो वाळल्यावर उचलायचा. तोवर त्यानं गावची शीव ओलांडायची न्हाय. लोक हसायचे, काय भरमाण्णा, देवाला कौल लावतोस का म्हणायचे. कौल कसला? पावसाळ्यात सगळंच गार आन् दमट लागतं. माच गार, भिंत गार, आपलं अंथरूणबी गार. मग गालिचा वाळला का न्हाय हे कळायचं कसं? आबा म्हणायचे, तो किती ओला हुता हे ज्या हातानं बघितलंय, त्याच हाताला तो वाळलेला कळतो. दुसऱ्याला फसगत व्हती. दुसऱ्यानं वाळला म्हणून उचललेले गालिचे पुढं घडीत कुजलेले आमी बघितल्यात.

आता बगा, रीत बरी हाय. एका गालिच्यापुरती बरी हाय. पण एक वाळायच्या आत तुमी दुसरा आणून टाकायचा. दुसरा वाळायच्या आत तिसरा. देवळाचा, लग्नाचा, नाटकवाल्यांचा, सायबाच्या मडमंचा. अण्णा सगळ्यावर हात टेकायचा. मिरगाला शीव बंद झाली की दिवाळीला उघडायची. सगळा जन्म असाच गेला त्याचा. कुणाच्या दारात तोरण लागलं, कुणाच्या दारात तिरडी बांधली, हा आपला माचापाशी. त्याला न्हाय म्हणाय यायचं न्हाय, आन् तुमास्नी थांबाय यायचं न्हाय. मी ओरडायची, पुढच्याला परत लाव की रं. तो म्हणायचा, भिजलंय गं, कुठं नेतील ते?

मी हितं कशी आले ते जुन्या माणसांस्नी ठाऊक हाय. नवरा गेला, सासरच्यांनी माहेरची वाट दाखवली. अंगात अजून पोरकटपणा हुता. पहिल्याच पावसाळ्यात कॅम्पातनं एक गालिचा आला. हिरवा, बागंसारखा. मी कधी असलं कायबी बघितलं नव्हतं. हात पुढं केला. अण्णानं माझ्या मनगटावर सपकन मारलं. "हात मागं घे," म्हणाला. बास, येवढंच. कधी न्हाय ते मारलं मला, आन् तेबी गड्यामाणसांपुढं.

मला काय वाटलं असंल, बायांनो, तुमीच सांगा. मला वाटलं, ही रांड बाई, हिचा हात अपशकुनी, म्हणून मागं सारलं. कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले न्हाय. भाकरी वाढायची, आन् तोंड भिंतीकडं करून बसायची. वहिनी, देव तिचं भलं करो, मधे पडून थकली. पुढं बोलाय लागलो, पण ते मनातनं गेलं न्हाय. दर पावसाळ्यात गालिचा आला की मी दोन पावलं मागं सरायची आन् बगायची, हा कसा मानानं हात टेकतोय. मान वाटायचा मला तो. हेवा करायची मी.

मग सुंद्राचं झालं. ही बसलीय खांबापाशी, अण्णाची एकुलती एक लेक. गुंजीला दिली. वहिनी तवा राहिली नव्हती. सुंद्राचं पहिलं बाळंतपण, भर श्रावणात. जावई रेल्वेत, त्यांनी गाडीबरोबर निरोप धाडला की बाई अडलीय, बापाला बोलावतीय. गुंजी काय लांब हाय? सकाळच्या गाडीत बसलं की पोचतंय माणूस. आत माचावर दोन गालिचे. मी म्हटलं, जा रं, मी बघते. अंगात सदरा घातला त्यानं. टेसनापतोर गेला. मी मागनं गेलते. गाडी आली, उभी राहिली, माणसं चढली. ह्यो खांबाला धरून उभा. गाडी निघून गेली. मागं वळला, माझ्याकडं बघितलंबी न्हाय, सरळ घरी येऊन माचापाशी बसला.

मग मीच दुसऱ्या गाडीनं गेले. बाळ वाचलं न्हाय. सुंद्रा वाचली. दाराकडं बघत पडली हुती. मला बघून म्हणाली, आत्या, बा कुठं हाय? काय सांगू तिला? गालिचा ओला हाय म्हणून सांगू?

त्यानंतर ती कधी माहेरी आली न्हाय. परवा आली, ती बाप गेल्यावर.

गुंजीहून परत आले तवा मी अण्णाला लई बोलले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, पहिला हात मला लावू दिला असतास तर तू मोकळा हुतास, लेकीपाशी गेला असतास. माझ्या हातात काय इख हाय का? तवा तो पहिल्यांदा बोलला. निखाऱ्यावर राख ओढत ओढत बोलला. "घरात एकानं अडकायचं ते बास झालं, गंगा. आबांनी माझा हात धरून टेकवला, मला कुणी विचारलं न्हाय. तू मोकळी ऱ्हा."

मंडळी, इतकी वर्सं मी ज्याला हिणवणं समजत हुते ते हे हुतं. मी खाली बसले. म्हटलं, "मोकळी ऱ्हाऊन मी जाणार कुठं रं अण्णा?" तो पुढच्या शेगडीकडं सरकला. दार उघडं ठिवलं त्यानं माझ्यासाठी, जन्मभर ठिवलं, पण दाराबाहीर माझं कोण हुतं? सासर तुटलेलं. हातात दुसरा हुन्नर न्हाय. तो आत अडकला हुता, मी उंबऱ्यावर अडकले हुते.

आता शेवटचं सांगते. तुमच्या हॉलचा थोरला गालिचा गेल्या आठवड्यात आला. अण्णाला ताप हुता. मी दारात आडवी झाले, म्हटलं परत न्या. सेक्रेटरी सायेब, तुमीच म्हणालासा, एवढाच घ्या भरमाण्णा. आठवतंय का? तुमच्यावर दोष टाकत न्हाय मी. अण्णा उठला, माझ्या खांद्यावर भार दिला, आन् हात टेकला. नंतर तो अंथरुणातनं उठलाच न्हाय. तिथनंच विचारायचा, परतला का गं? मी परतत हुते. अर्धा वाळला. आन् अण्णा गेला.

पहिला हात लावलेला माणूसच गेला तर काय करायचं, हे आबांनी सांगून ठिवलं नव्हतं. भाऊबंदांत परवा त्याच्यावरनं लई वाद झाला. एक म्हणाला, नदीत सोडा. एक म्हणाला, तसाच ज्याचा त्याला द्या. घरात सुतक, चूल बंद, शेजारणी भाकरी आणून देत्यात. शेगड्याबी विझल्या. मी हितं आल्यापासनं भर पावसात शेगड्या विझलेल्या कधी बघितल्या नव्हत्या. खोलीत इतकं गार वाटलं की सांगता येत न्हाय.

काल सुंद्रा माझ्यापाशी बसली. म्हणाली, "आत्या, चल गुंजीला. आता कुणासाठी ऱ्हातीस?" मला खरं सांगू का? मला आनंद झाला. भाऊ जाऊन दुसरा दिवस, आन् मला आनंद झाला. सुंद्राची पोरं हाईत, अंगण हाय, परसात फणस हाय म्हणं. मी दोन लुगडी बोचक्यात बांधली. आज सांजच्या गाडीनं निघायचं ठरलं. तुमास्नी हे ठाऊक नव्हतं, म्हणून तुमी उठून उठून सांगत हुतासा, गंगाक्का हाईत, गंगाक्का हाईत. आन् मी खाली मान घालून बसले हुते.

आज सकाळी पुरुष माणसं नदीवर गेली. मी खोलीला कुलूप घालाय गेले. नुसतं कुलूप घालाय, देवाशपथ. दार ओढलं आन् वास आला. तो वास माझ्या ओळखीचा. आत गेले. गालिच्याची कड उचलली, खाली ऊब लागली. शेगडी विझलेली, आन् आतनं ऊब, म्हंजे कुजाय लागलाय. अजून एक दीस, मग कुणाच्या बापाला वाचवता यायचा न्हाय. मी काय इचार केला, तुमी विचाराल. केलाच न्हाय. हात पुढं गेला. सगळा तळवा टेकला. टेकल्यावर कळलं. अण्णा असता तर मनगटावर मारलं असतं. मी वाट बघितली बगा, खुळ्यासारखी, तिथंच उभी राहून वाट बघितली. कुणी मारलं न्हाय.

सुंद्रा, तुला हे आत्ता सगळ्यांपुढं कळतंय, मला माफ कर. सकाळपासनं तुझ्याकडं बघायचं धाडस झालं न्हाय. तू बाहीर बसली हुतीस, माझं बोचकं मांडीवर घेऊन. रडू नको. तुझी गाडी चुकवू नको. दिवाळीला येते म्हणणार हुते मी, पण ते तुझा बापबी म्हणायचा, म्हणून म्हणत न्हाय.

सेक्रेटरी सायेब, तुमचा गालिचा वाळंल. काम चालू ऱ्हाईल का, ह्याचं उत्तर मिळालं तुमास्नी. त्याच्यावर टाळ्या वाजवू नका.

आता उभे ऱ्हावा सगळे. अण्णासाठी गप उभं ऱ्हाऊ. डोळे मिटा. पण लई वेळ नको, मंडळी. आत शेगडी पेटवून आलेय, आन् एक बाजू परतायची झालीय.