पाचूला पाजलं वाघोबाचं तेल

...आता तुमीच सांगा, दगडाला कवा तेल लागतं का? आणि लागतं, तर दोन हजार सालच्या साखरपुड्यात मुरबाडच्या व्याह्यानं, साईनाथरावानं, आमच्या नातीच्या, वैष्णवीच्या बोटात पाचूची अंगठी घातली तवाच बोलायचं ना. नुसतं बोलला, "पाचू आहे, जपा." म्हणून तर जपायला गेलो. आमच्यात सोनं जपायचं म्हंजे रिठ्याच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, आईनं शिकवलंय. सोडली, घटकाभरानं काढली, सोनं लखलखीत, नि दगड? चैतातल्या खाचरासारखा भेगाळलेला, पांढरट. आमची कारभारीण धोंडूबाई तिथंच बसली, "लगीन आठ दिवसांवर, व्याही बोलल दगड बदलला, पोरीला दारातून परत धाडल."

म्हटलं, गप गो, मी हाय ना.

शहापूरला देवराम सोनाराकडं गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं ते माझी बिडी संपली तरी काढीना... मग बोलतो कसा, "बाबा, दगड तोच. आफ्रिकेच्या खाणीतून निघतानाच अंगात भेगा घेऊन निघतो. त्या झाकायला तेल पाजतात, ते तुमी उकळून काढलंत. भेगा हायत म्हणून तर खरा वाटतो, अगदी नितळ असता तर मीच बोललो असतो, काच असल." म्हटलं, दगडाला कवा तेल लागतं का? सोनार बोलतो, "तेल पाजायला मुंबईला धाडतो, पंधरा दिवस लागतील." आता लगीन काय पंधरा दिवस थांबतंय?

परतलो. आमच्या गावच्या, शेणव्याच्या वाटेवर आमचा वाघोबा, वाघापासून राखणारा देव, शेंदूर फासलेला धोंडा. त्याला बघितलं नि पाय थांबला. दरसाल दिवाळीतल्या वाघबारशीला याला तेल कोण लावतं? मीच. घरी त्याच्यासाठी ठेवलेलं खुरासणीचं तेल वाटीत ओतलं, वाटी उन्हात, अंगठी वाटीत, मी शेजारी. सहा दिवस. भाताची वाट बघणाऱ्याला सहा दिवस म्हंजे काय...

दगड हिरवागार.

हळदीला व्याह्यानं अंगठी उजेडात धरली. "बाबा, मी दिली ती अशी नव्हती." धोंडूबाईनं तोंडात पदर धरला. मी खरं ते सांगितलं, रिठा, भेगा, वाघोबा, सगळं. व्याही बोलला, "ही तर आधीपेक्षा हिरवी दिसते." मग हळूच आपल्या बोटातली काढली, "हिलापण पाजा थोडं." मागून त्याची बहीण, मग मेव्हणा, मग वाजंत्रीवाला, त्याची तर काचच होती, तीपण बुडवली. उन्हाळाभर पार खर्डीपासून अंगठ्या येत राहिल्या.

वाघबारशीला तेलाची बाटली कोरडी. वाघोबापुढं उभा राहिलो, म्हटलं, देवा, दगडाला कवा तेल लागतं का? औंदा भेगा दिसू दे. खरा हायस, एवढं तरी कळल.