वासूभावजी आणि कादरसाहेबांची रायफल

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, भगिनींनो, आणि दुकानातून आलेल्या मंडळींनो,

खरं तर इथं आमच्या ह्यांनी बोलायचं. वासूभावजी त्यांचे पाठचे भाऊ. पण हे दोनदा उठले, दोनदा "वासू" म्हणाले आणि बसले. म्हणून मी उभी आहे. मी मॅट्रिक झालेली बाई. हळदीकुंकवाला बोलते, अशा शोकसभेत कधी नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वासूभावजींनी लग्न केलं नाही. विद्यानगरला आमच्याच घरी राहिले. हिमायतनगरला बंदुकांच्या दुकानात मिस्त्री होते. बायका मला विचारायच्या, "अगंबाई, घरात बंदुका?" बंदुका कुठल्या! घरी यायच्या त्या रिकाम्या पुंगळ्या. काडतूस उडालं की मागं उरते ती पितळेची नळी. दारू आणि गोळी दुकानात, कुलपात. नाहीतर माझ्या देवांशेजारी मी ठेवू दिलं असतं?

एका रायफलीची पुंगळी ते दुसऱ्या रायफलीला बसती करायचे. थोरलीचा परकर आपण धाकटीला करतो ना? उंची कमी करायची, कंबर आवळायची. तसंच. साच्यात दाबायची, तोंड आवळायचं, जास्तीचं कापायचं. काटकसरीचं काम, म्हणून मला पसंत होतं. पण पितळ दाबलं की कडक होतं, मग चिरतं. ते तोंडाशी तापवून मऊ करायचं. किती? मंद लाल दिसेपर्यंत. आणि तो लाल रंग उजेडात दिसत नाही. अंधार लागतो.

इथंच आमचं बिनसलं.

तेव्हा नुकताच परदेशी माल मोकळा झाला होता. गल्लीगल्लीत केबल आली होती. दुकानाच्या मालकांनीही काचा बसवल्या, डोक्यावर ट्यूबलाइटी लावल्या. मालक, राग मानू नका, पण तुमच्या झगमगाटात भावजींना काही दिसेना. ते पुंगळ्या घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. माझी कणकेची परात घेतली, बुडं गार राहावीत म्हणून पाणी भरलं, पुंगळ्या उभ्या केल्या, हातात तापवायची जाळाची बत्ती धरली. वेळ कुठली? दिवेलागणीची!

मी समई घेऊन आले. "वहिनी, दिवा नको!"

"भावजी, तिन्हीसांजा झाल्या. लक्ष्मी काय चाचपडत येणार?"

"तिला दारात जरा थांबायला सांगा."

ऐकलंत? लक्ष्मीला! दारात थांब म्हणे!

मी समई लावलीच. त्या उजेडात त्यांना रंग कळला नाही, पुंगळ्या जास्त तापल्या. साच्यात घातल्या तर मेणासारख्या चेपल्या.  भावजी त्या रात्री जेवले नाहीत.

कारण त्या पुंगळ्या कादरसाहेबांच्या होत्या. ते पुढंच बसलेत. त्यांच्या आजोबांची रायफल. तिची काडतुसं करणारी विलायती कंपनी कधीच बुडालेली. सगळं जग हैदराबादेत विकायला आलं, तेवढी काडतुसं नाही आली. कादरसाहेब म्हणायचे, "भाभी, बंदूक हय, मगर गूंगी हय." त्यांच्या मुलानं एक नवं हॉटेल गाठलं. हॉटेलवाले रायफलीची नळी बुजवून ती शोभेला भिंतीवर टांगणार. "अब्बा, चलतीच नै तो घर में कैकू रखना?" रविवारपर्यंत चालली तर घरात, नाही तर हॉटेलात. नळी एकदा बुजली की बुजली.

हे भावजींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं? पण तसेच होते ते.

मग मी तोड काढली. समई अंगणात नेली. तुळशीपुढं लावली आणि तिथंच बसून स्तोत्र सुरू केलं. आत घर अंधारात, दुसऱ्या पुंगळ्या घेऊन भावजी खूश. एवढ्यात शेजारच्या पद्मक्का आल्या. "वदिना, करंट पोयिंदा?" वीज गेली का, म्हणून.

स्तोत्र मधे तोडायचं नसतं. मी हातानं खुणावलं, काही नाही, जा. त्यांना वाटलं, काही नाही म्हणजे करंट नाही. त्यांनी नवऱ्याला पिटाळलं, नवऱ्यानं लाइनमन आणला. लाइनमननं खांबावरच्या पेटीत काय ओढलं देव जाणे, सगळी गल्ली काळीकुट्ट! सगळ्यांच्या मालिका बुडाल्या. घराघरांतून आरडाओरडा. आणि आमच्या स्वयंपाकघरातून भावजींचा आवाज, "वहिनी, आता कसं छान दिसतंय! त्याला म्हणावं, सावकाश कर!"

त्या अंधारात सगळ्या पुंगळ्या साधल्या. गल्ली मात्र पुढं कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती.

रविवारी सगळे नेमबाजीच्या रेंजवर गेलो. मीही, डबा घेऊन. मुलगा होता, हॉटेलचा माणूस टेप घेऊन रायफलीची लांबी मोजत होता. कादरसाहेबांनी रायफल खांद्याला लावली. बार झाला. हॉटेलवाला टेपसकट खाली बसला. गोळी निशाणाच्या जवळपासही गेली नाही, मातीच्या बांधात शिरली. पण रायफल बोलली! मुलगा हसून म्हणाला, "अब्बा, ले जाओ घर."

सगळे कादरसाहेबांना मिठ्या मारत होते. भावजी खाली वाकले होते. गरम पुंगळी ह्या हातातून त्या हातात करत तिचं तोंड बघत होते. एवढंच म्हणाले, "चिरली नाही, वहिनी." त्यांचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

मंडळी, आज सकाळी कादरसाहेब आले. उरलेल्या पुंगळ्या रुमालात बांधून आणल्या आणि फोटोपुढं ठेवल्या. "वासूमियां गये, अब मैं खुद बंदूक दीवार पे टांग देतूं, भाभी."

मला रागच आला. मी म्हटलं, "साहेब, हे पितळ माझ्या भावजींनी फोटोपुढं ठेवायला नाही केलं. उचला." त्यांनी रुमाल उचलला. मग म्हणाले, "हौ भाभी." रुमाल आता त्यांच्या खिशात आहे. ते रेंजवर जाणार आहेत. तुम्ही सगळे साक्षीला आहात.

आता आपण उभे राहू आणि क्षणभर शांत राहू. कादरसाहेब, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसूनच राहा.

भावजी, वहिनीचा नमस्कार घ्या. काळजी करू नका. कादरसाहेबांकडं माझं लक्ष आहे.