हात कापला नव्हता

ह्या पोरीला तहान लागत न्हाई का गं, असं सुनंदाताई कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कुणाला तरी म्हणाली, आणि मी भरलेली बाटली तशीच बॅगेत ढकलली. सुनंदाताई निघोज्याची, लाइनवर माझ्या शेजारी बसते, तिला सगळं दिसतं.

मी पुनावळ्याची. म्हणजे आईबाबा लातूरहून आले, मी इथेच वाढले, इंग्लिश मीडियमला शिकले, डिप्लोमा केला आणि चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी तपासायला लागले. आठ तास स्टुलावर. मध्येच उठायचं असेल तर पिवळं बटण दाबायचं, डोक्यावर दिवा लागतो, गाणं वाजतं, मग लाइन लीडर प्रकाशदादा बदली माणूस पाठवतो. पहिल्याच आठवड्यात मी दाबलं तर तो लांबूनच ओरडला, चला, मॅडमचं गाणं लागलं! सगळे हसले. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण काय सांगू तुम्हाला, त्यानंतर दोन वर्षं मी त्या बटणाला हात लावला नाही. पाणी प्यायचं नाही, म्हणजे जायला नको. सकाळी बसच्या घाईत संडासला लागली तरी दाबून ठेवायची, आणि घरी आल्यावर जोर लावत बसायचं.

मग रक्त दिसलं. लालभडक. दुखत नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या घरात ह्या गोष्टींना शब्दच नाहीत, म्हणून मी तिथेच बसून मोबाईलवर इंग्लिशमध्ये शोधायचे, अर्धा अर्धा तास, आणि दर वेळी कॅन्सरपाशीच येऊन थांबायचे. चोवीस वर्षांची मी, चांगली धडधाकट. आई माझे फोटो स्थळांना पाठवत होती, आणि मी तिच्याकडे बघून विचार करायचे, हिला कसं सांगायचं.

शेवटी जेवताना सुनंदाताईला अर्धंच सांगितलं, पोट साफ होत नाही म्हणून. तिने विचारून विचारून उरलेलं काढलं. म्हणाली, पानी पेत न्हाईस, दाबून धरतीस, वर जोर लावतीस, मोबाईल घिऊन बसतीस ते येगळंच, मूळव्याध व्हईल न्हाईतर काय! माझ्या जावंला झालीवती. मी विचारलं, नक्की तेच ना? तर म्हणाली, मी काय डॉक्टर हाय व्हय? त्यानं बघितल्याबिगर कसं कळायचं?

कंपनीत डॉक्टर दर मंगळवारी अकराला येतात, तासभरच. म्हणजे बटण दाबायचं आलं. तीन मंगळवार असेच गेले.

परवा सकाळी परत रक्त पडलं, आधीपेक्षा जास्त. मंगळवारच होता. अकराला बोट बटणावर ठेवलं, काढलं, परत ठेवलं. सुनंदाताई वायरींवरची नजर न काढता म्हणाली, दाब की. मी दाबलं. गाणं वाजलं. प्रकाशदादा लांबूनच, मटेरियल संपलं का मॅडम? माझ्या तोंडून एवढंच निघालं, रक्त येतंय. त्याचा चेहराच उतरला. हात कापला का, कुठं, बघू, अरे पेटी आणा रे पेटी, म्हणत तो धावत आला. सगळ्या लाइनने माना वळवल्या. नुसतं हो म्हटलं असतं तरी त्याने मला डॉक्टरांच्या दारापर्यंत नेऊन सोडलं असतं. गाणं वाजतच होतं, त्याच्या वर आवाज काढून मी म्हणाले, हात नाही कापला, दादा. शौचाला रक्त पडतं मला. तीन महिने झाले.