चौथ्या घरातली कॅसेट

मावशी : जिना जपून हं, ताई. दीडशे वर्षांचं लाकूड आहे. साहेबांनी एक फळी बदलू दिली नाही.

लेक : सगळ्या घरांत बाबांचं हेच. मैदानं भरून माणसं यायची त्यांच्या गिटारला, आणि जीव कशात अडकलेला, तर असल्या जुन्या घरांत. मी मात्र वसतिगृहात.

मावशी : ते जाऊन वर्ष झालं. अजून राग आहे?

लेक : आता कुणावर काढू? तीन घरं विकली, हे शेवटचं. हॉटेलवाला चारला येतोय. भिंती पाडून बारा खोल्या करणार म्हणे.

मावशी : मग त्याआधी ही खोली बघून घ्या. वीस वर्षं झाडतेय मी, पण या खुर्चीवर कधी टेकले नाही.

लेक : नुसती खुर्ची आणि टेपरेकॉर्डर?

मावशी : साहेब रिकाम्या खोलीत टेपवर रेकॉर्डिंग लावायचे, दार ओढून घ्यायचे आणि खाली येऊन बसायचे. घर नवीन घेतलं तेव्हा एकदा रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं, आणि खोलीत कुणी नसताना टेपवर आवाज उमटला म्हणे. तेव्हापासून हा नाद. ती पहिली कॅसेट हीच.

लेक : यावरची तारीख माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची आहे. लावू?

मावशी : लावा. मी आहे इथे.

(खरखर. मग एका बाईचं गुणगुणणं.)

लेक : मावशी... ही तर माझी अंगाई!

मावशी : तुमची?

लेक : माझ्या जन्माच्या वेळीच आई गेली. मी रात्रंदिवस रडायचे, तेव्हा बाबा हीच गुणगुणायचे. स्टेजवर कधी गायले नाहीत. म्हणायचे, ही तुझी एकटीची. मला वाटायचं, त्यांनीच बांधलीय माझ्यासाठी. कोण आहे ही बाई?

मावशी : ते साहेबांनाही कळलं नाही. तुम्ही विकलेली ती तिन्ही घरंही हे घर बांधणाऱ्या गवंड्यानंच बांधलेली, तिथं तरी हिचा माग लागेल म्हणून नंतर घेतली. तिथंही टेपा लावून बघितल्या. हूं नाही की चूं नाही.

लेक : म्हणजे मला लांब ठेवून ते हिला शोधत फिरत होते?

मावशी : शोधत होते खरं. पण तुमचं नाव निघालं नाही असा दिवस गेला नाही, ताई. ही शेवटची कॅसेट ऐका. दोघांनी धरून वर आणलं होतं त्यांना.

लेक : बाबांचा आवाज! केवढा खोल गेलाय... काय म्हणतायत? 'माझी लेक येईल कधीतरी. चिडलेली असेल. लहानपणापासून धड झोप नाही तिला. मला नाही जमलं. तू बघ तिच्याकडे.'

मावशी : रडा, ताई. मोकळं होऊ दे.

लेक : मावशी, टेप संपली. बटण वर आलंय.

मावशी : हो.

लेक : मग हे गुणगुणणं कुठून येतंय?

मावशी : खाली स्वयंपाकघरात मला पुसट ऐकू यायचं कधीकधी. इतकं जवळून आजच.

लेक : मला भीती वाटायला हवी ना? पण डोळेच मिटतायत माझे.

मावशी : टेका खुर्चीवर. मी शाल आणते. अगंबाई, खाली गाडी वाजली. हॉटेलवाला आला वाटतं. काय सांगू त्याला?

लेक : सांगा, घर रिकामं नाहीये.