दोन बोटं

दुकानदार : अहो आजोबा, गिटारच्या दुकानात ही दोरी कशाला आणलीत?

आजोबा : नातीची उंची आहे ती. चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय भाऊ, मापाशिवाय काही घेत नाही मी.

दुकानदार : मग ही सगळ्यात छोटी बसेल. वय काय?

आजोबा : परवा नऊ पूर्ण होतील.

दुकानदार : नऊ? आणि एवढीशीच? कधी घेतलंत माप?

आजोबा : चार वर्षांपूर्वी परदेशातून आली होती ना, तेव्हा दाराच्या चौकटीवर रेघ मारली. मग दर वाढदिवसाला मीच दोन बोटं वर सरकवतो.

दुकानदार : न बघताच?

आजोबा : बघतो की! दर रविवारी, फोनवर. पण फोनात दिसतो नुसता चेहरा.

दुकानदार : मुलं काय दोन बोटांच्या हिशेबानं वाढतात होय? मोठीच न्या.

आजोबा : वाढत्या अंगाची? छे! पोरीचा हात पुरला नाही तर ती कोपऱ्यात टाकून देईल. शेजारीण उद्या तिकडे निघालीय, तिच्याबरोबर पाठवायचीय. एकदा गेली की गेली. तशी माझी नजर चुकत नाही, गेल्या वर्षीचा फ्रॉक अगदी चपखल बसला म्हणे.

दुकानदार : लावा बघू फोन.

आजोबा : आज रविवार नाही.

दुकानदार : घ्या! नातीशी बोलायला वार बघता?

आजोबा : लावतो. पण गिटारचं नाव काढू नका हं.

(फोन लागतो. पडद्यावर नात.)

नात : आजोबा! आज कसा काय?

आजोबा : सहज गं. तो निळा फ्रॉक घालतेस ना?

नात : तो डोक्यातून खालीच येईना. आई म्हणाली, आजोबांना सांगू नकोस.

आजोबा : असू दे. फोन टेबलावर ठेव आणि लांब जाऊन उभी राहा. आणखी मागे. पाय दिसू देत.

नात : दिसले?

दुकानदार : मधली लागेल, आजोबा.

आजोबा : हो, हो, मधलीच. अहो, केवढी झाली ही! आणि मी आपला एकटा त्या चौकटीपाशी दोन बोटं, दोन बोटं करत बसलोय. टोकायलासुद्धा घरात कुणी नाही.

नात : आजोबा, आता तू लांब जा. तू केवढा आहेस ते मला आठवतच नाही.

आजोबा : भाऊ, जरा धरता का फोन? मी त्या दारापर्यंत जातो.