पोट्टीच्या डोक्यातलं रक्त आन् सोजरबाईचा मिक्सर

"…लेकराले हात लावला की त्याच्या डोक्यात रक्त…" आन् घर्रर्रर्र! मिक्सर! सांगा बाप्पा तुमीच, हे काय मिक्सर लावायची येळ होती?

भिंतीपलीकडं सोजरबाईची लेक वैभवी, बाळंतपणाले माहेरी आलेली, नणंदेसंग फोन स्पीकरवर ठेवून बोलून राह्यली होती. नणंद म्हणजे पल्लवी, शहरात नोकरीले हाये, तान्ह्या लेकरायले लाईटवाली टोपी घालते आन् डोक्याच्या आत काय चाललं थे पाह्यते म्हणे. मी काही चोरून आयकत नोती हां! मी भिंतीवर गोधडी वाळू घालून राह्यली होती. गोधडी वाळेलच होती, थे येगळं. अर्धंच आयकलं, पण माह्याच कानानं आयकलं!

मले तं घामच फुटला. काहून? अवं, वैभवीच्या तान्ह्या पोट्टीले रोज मालिश कोण करते? मीच! टाळूवर तेल कोण भरते? मीच! पाय चोळ, पाठ चोळ… म्हणजे किती रक्त चढवलं असंन मीनं, अं? तांब्याभर? लेकरू लाल व्हाचं तं मीच म्हणो, "पाह्य व सोजरबाई, कसा रंग आला!" रंग कायचा व माय…

दुसऱ्या दिवशी मालिशले गेलीच नाही. कंबर धरली म्हटलं. आन् गल्लीतल्या रामीबाईले तेवढं सांगितलं, एकटीलेच, देवाशप्पथ, "लेकराले हात नको लावू, डोक्यात रक्त जाते." संध्याकाळी नळावर आयकते तं काय, "हात लावला की पोट्टी निळी पडते!" निळी मी म्हटलंच नोतं! मीनं अर्धंच आयकलं, बाकी अर्धं गल्लीनं घातलं.

मंग आलं बारसं. मंगरूळपीरहून सासरची मंडळी जीप भरून आली, पल्लवीबी आली. पाळण्याभोवती आमी बाया. लेकरू पाळण्याखालून ह्या हातातून त्या हातात द्या लागते ना, तं सोजरबाईनं पोट्टी घेतली, वाकली, म्हणते, "कोणी गोविंद घ्या…"

कोणी घेईच ना!

"कोणी गोपाळ घ्या…" रामीबाई पदर सावरून राह्यली, एक म्हणते माह्या हाताले हळद हाये, एकीले नेमका तवाच खोकला! सोजरबाई वाकून वाकून कमान झाली. तिकडून वैभवीची सासू इचारते, "काहून व, पोट्टी हाये म्हणून घेऊन नाही राह्यल्या का ह्या?" आन् वैभवी… बारा दिवसाची बाळंतीण… हमसून रडाले लागली, "पोरगी झाली म्हणूनच ना? सांगा ना!"

बोलूनच टाकलं मीनं, "नाही व माय, पोट्टी म्हणून नाही! रक्त! हात लावला की डोक्यात रक्त जाते, ह्या पल्लवीनंच सांगितलं! अर्धंच आयकलं, पण माह्याच कानानं…"

पल्लवीनं कपाळाले हात लावला. "काकू, जाते ना! जाऊ द्या ना! हात लावला की डोक्याचा जो भाग कामाले लागते, तिथं रक्त जास्त धावते. चांगलंच हाये थे! आमी तेच पाह्यतो. तान्ह्याचं येगळं, मोठं झालं की येगळं, वयासंग बदलत जाते."

"म्हणजे मंग चढते का उतरते?"

"तसं नाही व काकू…"

"मंग थांबते कवा?"

"थांबत नाही! तुमच्याबी डोक्यात जाते!"

माह्या? पस्तीस वर्सं झाली लग्नाले, कोणी सांगितलं नाही मले!

समजलं काहीच नाही. पण वाकली, पाळण्याखालून हात घातले आन् घेतली पोट्टी. तिनं माहं बोट असं गच्च धरलं… आता रक्त कोणाच्या डोक्यात गेलं थे टोपीवालीनं सांगावं, माह्या तं डोळ्यात पाणी आलं. मंग रामीबाईनं घेतली, मंग हळदवालीनं, खोकल्यावालीचा खोकलाबी गेला. वैभवी रडता रडता हसली.

म्हणजे रक्ताचं खरं निघालं ना? निळ्याचं तेवढं खोटं! मालिश पुन्हा माह्याकडंच हाये. पण वयासंग बदलते म्हणजे काय होते, हे डोक्यात शिरून नाही राह्यलं. म्हणून काल गोधडी घेऊन भिंतीपाशी गेली, पल्लवीचाच फोन चालू होता, "सहा महिन्याच्या लेकराले हात लावला की…" आन् सोजरबाईनं मले पाह्यलं, आन् मिक्सर लावला.

रिकामा!